तुळशीसकट आंघोळ

आमच्या थोरल्या जाऊबाई हट्टी आहेत, हे मला नवीन नाही. पस्तीस वर्षं मी त्यांचा हट्ट बघते आहे. पण वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, जपानमधल्या एका हॉटेलात, न्हाणीघराच्या दाराशी त्या ठाण मांडून बसतील असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी विमानाचं तिकीटच काढलं नसतं. खोटं कशाला बोलू, काढलं असतं. असली मजा कोण सोडतं?

त्यांचं नाव सुनेत्रा जगदाळे. माझ्या मिस्टरांच्या मोठ्या भावाची बायको. मी त्यांना ताई म्हणते. इंग्लंडात त्या हॅरोला, मी एजवेअरला. माहेर कराडकडच्या एका खेड्यातलं, आणि तिथलं नाव हौसा. लग्नात आमच्या सासऱ्यांना हौसा हे नाव गावंढळ वाटलं, म्हणून परातीतल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं. सहासष्ट साली भावोजींच्या मागोमाग इंग्लंडला आल्या. नाव गेलं, गाव गेलं, बोलायची भाषाही घरापुरतीच राहिली. माहेरचं म्हणावं असं एकच त्यांच्याबरोबर आलं, ते म्हणजे डाव्या हातावरचं गोंदण. मनगटाच्या वर चांगलं चार बोटं रुंद तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिपके. आठ-नऊ वर्षांच्या असताना गावच्या जत्रेत आईनं मांडीवर घट्ट धरून ते काढून घेतलं होतं.

पुढे त्यांना हॅरोच्या एका शाळेच्या किचनमध्ये नोकरी लागली. डिनर लेडी. पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य बाईनं तो हात बघितला, सिंकपाशी नेलं आणि भांडी घासायचा ब्रश हातात दिला. ताईंना आधी कळलंच नाही काय घासायचं आहे. कळलं तेव्हा घासलं. नवीन माणूस, करते काय. तुळस काही निघाली नाही, कातडं तेवढं सोललं. मग हुकूम आला की हे झाकून येत जा, पोरांच्या आईबापांना आवडणार नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी घरातून निघताना हातावर मोठी चिकटपट्टी. आधी कातडीच्या रंगाची असायची, मग किचनमध्ये निळ्या पट्ट्यांचा नियम आला, कारण जेवणात पडली तर निळी लगेच दिसते. पोरं विचारायची, मिसेस जगदाळे, तुमची जखम बरी कधी होणार? ताई म्हणायच्या, सून, लव्ह, सून.

अशी तीस वर्षं. शाळेच्या सगळ्या स्टाफ फोटोंत ताई मागच्या रांगेत, डावा हात पाठीमागे. पुढे सवयच लागली. देवयानीच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, ग्रॅज्युएशनच्या फोटोतसुद्धा आईचा एकच हात दिसतो. रिटायर झाल्या त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहा टाकत होते. त्या आल्या, पट्टी टर्रकन ओढली, पेडलवाल्या बिनमध्ये टाकली आणि म्हणाल्या, "मीनाक्षी, ही शेवटची. आता मेले तरी लावणार नाही." मी म्हटलं, बरं. साखर किती घालू?

आता आंघोळीचं. ताईंचा इंग्लंडवर राग एकाच गोष्टीवरून, आंघोळीवरून. "टबात बसायचं म्हणजे स्वतःच्याच मळात बसायचं," असं त्या चाळीस वर्षं म्हणत आल्या. त्यांच्या हॅरोच्या बाथरूममध्ये टबात एक प्लॅस्टिकचं स्टूल, बादली आणि सोलापूरहून आणलेला पितळी तांब्या. शॉवर बसवून दिला तर त्यावर टॉवेल वाळत घातला. पण नुसती बादली म्हणजेही त्यांची आंघोळ पुरी व्हायची नाही. माहेरी नदीला गरम पाण्याचा झरा होता म्हणे, गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं, आणि ती चव अंगाला राहिली ती राहिलीच.

देवयानी ब्रिस्टलला विमानाचे पंख बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. २००५ साली कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी जपानला, नागोयाला पाठवलं. तिनं किती बोलावलं, ताई ढिम्म. गुडघे दुखतात, घर कोण बघणार, मला ते कच्चे मासे नकोत. मग एकदा फोनवर पोरगी सहज बोलून गेली की इथे लोक आधी बाहेर छोट्या स्टूलवर बसून, बादली घेऊन, साबण लावून स्वच्छ धुतात आणि मगच गरम पाण्यात उतरतात. ताईंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मी येते. मीनाक्षीलापण आणते." मला विचारलंसुद्धा नाही.

तर नोव्हेंबर २००६ मध्ये आम्ही दोघी नागोयाला. आमचे हे घरीच राहिले, त्यांना टीव्हीवरचं क्रिकेट सोडवेना.

देवयानीच्या गल्लीच्या टोकाला मोहल्ल्याचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. उंच धुराडं, दारावर पडदा, एकीकडे बायका, एकीकडे पुरुष. आत गेल्यावर कळलं की कपडे म्हणजे सगळेच कपडे काढायचे. मी तिथेच थांबले. अहो, पस्तीस वर्षं जावा-जावा म्हणून नांदलो, पण एकमेकींना परकराशिवाय बघितलेलं नाही. मी म्हटलं, ताई, तुम्ही जा, मी बाहेर बसते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लुगडं सोडावं तसं सगळं सोडलं, घडी करून टोपलीत ठेवलं आणि चालू लागल्या. आत जाऊन स्टूलवर बसल्या, बादली पुढ्यात ओढली आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "मीनाक्षी, ये गं. आपलीच न्हाणी आहे ही."

गेले. उघड्याकडे नागडं गेलं आणि रात्रभर हिवानं मेलं म्हणतात, पण इथे पाणी असं कढत की हिवाचं नावच नको. ताई गळ्यापर्यंत बुडाल्या आणि डोळे मिटले. तिथल्या म्हाताऱ्या बायका त्यांच्या हाताकडे बघून आपसात हसल्या, चांगलं हसल्या, एकीनं तर अंगठा वर केला. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी आमची वारी तिथे. देवळं बघितली, बुलेट ट्रेन बघितली, पण ताईंना विचाराल तर जपान म्हणजे ते धुराडं.

शेवटच्या दोन दिवसांसाठी देवयानीनं डोंगरातलं एक हॉटेल बुक केलं होतं. गरम झऱ्याचं गाव. "आई, हा माझा बर्थडे प्रेझेंट तुला," ती म्हणाली. तिचं मराठी हॅरोचं आहे, लिंग-वचनाकडे लक्ष देऊ नका. आणि हॉटेल म्हणजे काय सांगू. दारात चपला काढायच्या, हे पहिलंच ताईंना पटलं. खोलीत चटया, बुटकं टेबल, त्यावर चहा आणि गोड वडी तयार. घालायला सुती झगा, त्यावर जाड जाकीट. आम्ही फिरून आलो की कुणीतरी येऊन गाद्या घालून गेलेलं. संडासाची सीट गरम, त्यावर मी जरा जास्तच वेळ बसले. ताई खिडकीशी उभ्या राहून खाली बघत होत्या. खाली नदी, नदीकाठी दगडांनी बांधलेलं मोठं उघडं कुंड आणि त्यातून वाफा. "मीनाक्षी," त्या म्हणाल्या, "आमच्या झऱ्यासारखं आहे." आवाज बदलला होता. या बाईला मी एवढ्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं.

आम्ही तिघी झगे घालून खाली गेलो. न्हाणीघराच्या दाराशी पाटी होती, त्यावर एक चित्रविचित्र नक्षीकाम केलेला माणूस आणि त्यावर लाल फुली. देवयानीनं वाचून सांगितलं, टॅटूवाल्यांना एंट्री नाही, इथे गुंड लोक अंगभर टॅटू काढतात म्हणून. ताईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. अंगावर चित्रं काढून घेणारी माणसं धड नसतात." मीही म्हटलं, हो ना. देवयानी युनिव्हर्सिटीत असताना तिला घोट्यावर फुलपाखरू काढायचं होतं, तेव्हा याच ताईंनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता. आणि आम्ही तिघी शहाण्या तशाच आत निघालो. तुम्ही हसाल, पण आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. टॅटू तो टॅटू, आणि गोंदण ते गोंदण.

कपडे काढायच्या जागी एक सत्तरीची बारकीशी बाई टॉवेल देत होती. छातीवर नावाचा बिल्ला, देवयानीनं वाचला, किंजो. ताईंनी टॉवेल घ्यायला हात पुढे केला आणि ती बाई थबकली. कमरेत वाकली, माफी मागितली, पुन्हा वाकली. देवयानीचा चेहरा उतरला. "आई, शी सेज... तुझं गोंदण. इथे चालत नाही."

ताईंना समजायला वेळ लागला. तेवढ्यात किंजोबाईंनी ड्रॉवर उघडून एक पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी ताईंपुढे धरलं. आत चिकटपट्टी होती. कातडीच्या रंगाची, चार बोटं रुंद.

देवयानी म्हणाली, "ओ गुड. आई, हा पट्टी लाव ना, मग प्रॉब्लेम नाही. टू मिनिट्स."

मला त्या पाकिटाकडे बघवेना. ताईंनी झग्याची गाठ पुन्हा बांधली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "नाही," म्हणाल्या.

"आई, प्लीज. जस्ट फॉर द बाथ."

"तीस वर्षं लावली. आता नाही. उतरेन तर हातासकट उतरेन."

किंजोबाईंनी सुचवलं की घरच्यांपुरतं एक छोटं बंद न्हाणीघर आहे, तिथे पट्टी न लावता चालेल. ताई म्हणाल्या, "म्हणजे मलाच झाकायचं. आधी हात झाकत होते, आता सगळी बाई झाकायची." देवयानी रडकुंडीला आली. तिनं महिनोन् महिने आधी खोली धरली होती. माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, ताई, एवढ्या लांब आलो, उद्या परत जायचं, पोरीनं हौसेनं केलंय, एक पट्टी लावली तर काय आभाळ कोसळणार आहे?

"तू जा, मीनाक्षी," त्या म्हणाल्या. "मी इथे बसते." आणि पडद्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. झग्याची डावी बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात मांडीवर उताणा ठेवला. येणारी-जाणारी बघत होती. बघू दे.

मी काय, गेले. माझ्या हातावर काही नाही, मी कशाला सोडू. पण खरं सांगते, पाणी अंगाला लागेना. नदीचा आवाज, लाल झालेली झाडं, सगळं होतं, आणि मी आपली पाण्यात बसून एकटीच ताईंशी भांडत होते. इकडून बोलले, तिकडून बोलले आणि शेवटी माझ्याच लक्षात आलं की मी हरते आहे. तो ब्रश मला आठवला. सोललेल्या हाताला मीच तेव्हा बोरोलीन लावलं होतं. मी उठले.

बाहेर येऊन बघते तर किंजोबाई ताईंच्या शेजारी बाकावर बसलेल्या. मध्ये दोन कप चहा. एकीला मराठी आणि डिनर लेडीचं इंग्रजी, दुसरीला जपानी, पण बसल्या होत्या. देवयानी समोर जमिनीवर मांडी घालून. किंजोबाईंनी त्या हाताकडे बोट करून काहीतरी विचारलं होतं आणि पोरगी अडली होती.

"आई," ती म्हणाली, "शी वॉन्ट्स टु नो, हे काय आहे. आणि... मला पण नाही माहीत. मला वाटायचं तुला ते आवडत नाही. तू नेहमी झाकायचीस ना."

ताईंनी लेकीकडे बघितलं. एवढी मोठी पोरगी, विमानाचे पंख बनवते, आणि आईच्या हातावर काय आहे ते तिला ठाऊक नाही. दोष कुणाला द्यायचा?

"तुळस आहे," ताई म्हणाल्या. "गोंदताना मी लई रडले. सुया टोचतात ना. आई म्हणाली, हौसे, रडू नको. सोनं-नाणं सगळं मेल्यावर काढून घेतात, हे कुणी काढून घेत नाही. तू लग्न होऊन कुठंही जा, म्हातारी हो, दात पडू दे. वर आलीस की मी हात बघीन आणि तुला ओळखीन." मग म्हणाल्या, "ती गेली तेव्हा मी हॅरोला होते. तू पोटात होतीस, मला जाता आलं नाही. तार आली त्या दिवशी पण मी पट्टी लावून कामाला गेले होते."

देवयानी हे जपानीत कसं सांगत होती देव जाणे. मध्येच थांबायची, नाक पुसायची, पुन्हा सुरू करायची. किंजोबाई मान खाली घालून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले, पालथे, आणि बोटांवरून आणि मनगटावरून बोट फिरवून दाखवलं. त्या मूळच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाच्या. त्यांच्या आजीचे हात असे होते, बोटांपासून मनगटापर्यंत निळं गोंदण. तिकडच्या बायकांत ती रीतच होती, तीही मेल्यावर कामी येणारी. मग सरकारनं बंदी घातली, आणि आजी परक्या माणसांसमोर हात बाहीत ओढून घ्यायची.

"शी सेज, रूल रूल आहे," देवयानीनं शेवटी सांगितलं. "बाकी गेस्ट असताना ती नाही सोडू शकत, दे विल कम्प्लेन. पण सकाळी सगळे गेले की पाणी सोडून कुंड धुवायचा काम तिचाच आहे. उद्या ती पाणी जरा उशिरा सोडेल."

ताईंनी विचार केला. म्हटलं ही बाई आता यालाही नाही म्हणते की काय. "मोठ्याच कुंडात ना?" त्यांनी विचारलं. मोठ्याच. "पट्टी?" नाही. "मग चालेल," ताई म्हणाल्या आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

सकाळी शेवटच्या पाहुण्या बाहेर पडल्या आणि किंजोबाईंनी पडद्याबाहेर साफसफाईची पाटी लावली. आम्ही तिघी आत. ताई स्टूलवर बसल्या, बादलीनं अंग धुतलं, अगदी घासूनपुसून, पण डाव्या हाताशी आल्यावर साबण नुसता हलकेच फिरवला. मग दगडाला धरून कुंडात उतरल्या आणि गळ्यापर्यंत बुडाल्या. वर थंडी, खाली कढत पाणी. "आई गं," एवढंच म्हणाल्या. आणि डावा हात बाहेर काढून काठाच्या दगडावर ठेवला.

तेव्हा मी ते गोंदण पहिल्यांदा नीट बघितलं. माझ्या आजीच्या कपाळावरचं गोंदण उन्हानं विटून करडं झालं होतं. ताईंची तुळस अजून हिरवी होती. तीस वर्षं ऊनच लागलं नव्हतं तिला.

किंजोबाई लांब दांड्याचा ब्रश घेऊन दारात उभ्या होत्या. तो भिंतीला टेकवून त्या काठाशी येऊन उकिडव्या बसल्या आणि ताईंकडे बघितलं. ताईंनी मान हलवली. मग त्यांनी एका बोटानं तुळस चाचपून बघितली. आपल्याकडे गोंदण बघतात तशीच. आणि काहीतरी बोलल्या.

"काय म्हणते?" ताईंनी विचारलं.

"शी सेज, तिच्याकडे आजीचं एकच फोटो आहे. त्यात आजीनं हात मागे घेतलेत."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मागच्या रांगेतले ते सगळे फोटो आम्हा दोघींना पाठ होते. ताई आणखी बराच वेळ पाण्यात बसल्या, देवयानी त्यांच्या खांद्याला खांदा लावून. किंजोबाई बसू देत होत्या.

निघताना हॉटेलच्या दारात देवयानीनं कॅमेरा काढला. किंजोबाईपण निरोप द्यायला आल्या होत्या. थंडी अशी की मी मफलरमधून नाकसुद्धा बाहेर काढत नव्हते. ताईंनी कोटाची बाही वर ओढली, स्वेटरची ओढली, आतल्या ब्लाउजची ओढली. मी म्हटलं, अहो, गारठाल. "गारठू दे," म्हणाल्या आणि डावा हात पोटाशी, पुढे, सरळ धरला. "काढ गं. हात नीट येऊ दे."

तो फोटो हॅरोला त्यांच्या गॅस फायरच्या वर फ्रेममध्ये आहे. आल्यागेल्याला पहिला तोच दिसतो. त्यांनी दोन कॉप्या काढल्या होत्या. मी विचारलं, दुसरी कुणाला?

"किंजोबाईला पाठवली," त्या म्हणाल्या. "देवयानीकडून सांगून पाठवलंय, आजीच्या फोटोशेजारी लाव म्हणून. तिच्या आजीचे हात दिसत नाहीत ना. मग माझा तरी दिसू दे."